श्रमदान

माझ्या नवऱ्याचं नाव बाहुबली आहे आणि घरात वजनं मी उचलते. हा विनोद जयसिंगपुरात सगळ्यांचा करून झालाय, त्यामुळे तुम्ही नव्यानं करू नका. बाहुबली पाण्याची कळशीसुद्धा दोन्ही हातांनी धरतो, पण माणूस चांगला. मी पहाटे व्यायामशाळेला निघाले की चहा करून ठेवतो आणि ‘या वयात हे कशासाठी’ असं कधी विचारत नाही.

कशासाठी, ते मलाही सुरुवातीला ठाऊक नव्हतं. आमचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून कंबर धरली, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी मुजावर सरांच्या व्यायामशाळेत गेले. त्यांनी रिकामा रॉड पुढ्यात ठेवला आणि पाठ न वाकवता तो जमिनीवरून कसा उचलायचा ते शिकवलं. याला डेडलिफ्ट म्हणतात. वाकायचं, धरायचं, उभं राहायचं, बाकी काही नाही. वर्षभरानं साठ किलो घेऊन मी उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सर घाबरले. “मॅडम, दुखलं काय?” दुखलं नव्हतं. कुणी दिलेली नाही आणि कुणाला द्यायचीही नाही, अशी जन्मातली पहिली गोष्ट माझ्या हातात आली होती.

मग ओढच लागली. ऐंशी झाले, नव्वद झाले, पंच्याण्णववर गाडी अडली. मला शंभर उचलायचे होते. स्पर्धा नाही, पदक नाही, फोटोसुद्धा नको होता. फक्त एकदा शंभर किलो जमिनीवरून सुटावेत आणि ते मी सोडवावेत, एवढीच इच्छा. सर चिडवायचे, “मॅडम, तुमचे शंभर भरायला आलेत.” मी म्हणायचे, “भरू द्या, सर.”

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ सन्मती आजारी पडला.

साधा ताप छातीत उतरला आणि तो कितीतरी आठवडे श्वासाच्या यंत्रावर राहिला. वाचला, पण घरी आला तो नुसता सांगाडा. मांड्या माझ्या मनगटाएवढ्या. इतके दिवस निजून राहिलं की स्नायू झडतात. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की रोज व्यायाम केला तर वर्षभरात चालायला लागाल. सन्मतीनं चार दिवस केला, रडला आणि सोडून दिला. त्याला कष्टाची सवयच नव्हती. मोठा होईपर्यंत त्याचं आंघोळीचं पाणी आई काढायची, आणि लग्नानंतर ते काम स्मिताकडं आलं. स्मिता म्हणजे त्याची बायको, गरीब स्वभावाची.

श्रमदानाचं आईनं कुठूनतरी ऐकलं. शाळेत आपण फावडं घेऊन रस्ते करायचो, ते हे श्रमदान नव्हे. मिरजेच्या एका दवाखान्यात नवा उपचार निघाला होता आणि त्याला त्यांनी हे नाव दिलं होतं. आई मला घेऊन तिथं गेली. डॉ. बोरगावे नावाच्या बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं.

“स्नायू नुसतं ओझं उचलत नाही,” त्या म्हणाल्या, “तो निरोपही धाडतो. जड काम पडलं की स्नायूंच्या पेशी रक्तात अतिसूक्ष्म पिशव्या सोडतात. केसाच्या जाडीत अशा शेकडो मावतील. पिशवीत निरोप असतो, की काम वाढलंय, बांधकाम काढा. हा निरोप अंगभर फिरतो आणि मग ताकद वाढते. व्यायामानं माणूस बळकट होतो तो असा. आम्ही व्यायामानंतर तासाभरात रक्त एका चाळणीतून फिरवतो, पिशव्या काढून घेतो आणि रक्त परत देतो. पिशव्या दुसऱ्याला चढवल्या की त्याच्या स्नायूंना वाटतं, कष्ट आपणच केले. सख्ख्या भावंडांच्या पिशव्या शरीर सहज स्वीकारतं.”

“आणि माझं काय?” मी विचारलं.

“तुमच्या स्नायूंना तुमचाच निरोप मिळणार नाही. कष्ट होतील, झीज होईल, भरपाई थोडीच होईल. पण प्रश्न तीन महिन्यांचा आहे. नंतर तुम्ही पुन्हा कमवाल.” मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं रोखून पाहिलं. “एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पोटभर खाऊन यायचं. उपाशी शरीराचे स्नायू उलटा निरोप धाडतात. अन्न नाही, बांधलेलं मोडा आणि जाळून खा, असा. तो निरोप तुमच्या भावाला गेला तर त्यांचे स्नायू तोच ऐकतील. आणि हृदय हाही स्नायूच आहे.”

आईचं लक्ष तेव्हा भिंतीवरच्या चालणाऱ्या-धावणाऱ्या पेशंटांच्या चित्रफितीकडं होतं.

संमती कॅमेऱ्यासमोर बोलून द्यायची होती. मी जरा थांबले. आई कानाशी येऊन म्हणाली, “घराची हक्कसोड दिलीस तवा कुठं एवढा इचार केलतीस? भावासाठीच की.”

खरं होतं. आमच्याकडं वडील गेले की बहिणी वडिलांच्या घरावरचा हक्क भावाच्या नावे सोडून देतात. न सोडणारी बहीण वाईट ठरते, तिचं माहेर तुटतं. मीही सोडला होता. त्या दिवशी आईनं श्रीखंड केलं होतं आणि मी ते दोनदा मागून घेतलं होतं. कॅमेऱ्यासमोर मी म्हणाले, “मी, त्रिशला बाहुबली चौगुले, स्वखुशीनं देते.”

मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे व्यायामशाळा, तिथून बिनड्रायव्हरच्या रिक्षानं थेट मिरज, असं सुरू झालं. मनगटावरचा पट्टा मी किती उचललं ते दवाखान्याला कळवायचा. मी खुर्चीत बसायचे, रक्त बाहेर जाऊन परत यायचं, आणि शेजारच्या खुर्चीत सन्मती मोबाइल बघत बसायचा. गुण खरोखर आला. महिन्यात तो उभा राहिला, दुसऱ्या महिन्यात जिना चढला. त्याची धाकटी मुलगी त्याच्या खांद्यावर बसून घरभर हिंडली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मी काही राक्षसीण नव्हते.

माझा रॉड मात्र जड होत गेला. पंच्याण्णवचे नव्वद, नव्वदचे ऐंशी. घाम तेवढाच, कळा तेवढ्याच, आणि पदरात काही नाही. मुजावर सर प्लेटा उतरवताना माझ्याकडं बघायचे नाहीत. एकदा म्हणाले, “मॅडम, पेराल तुम्ही आणि पिकंल भलतीकडं, हे किती दिवस चालणार?”

“तीन महिने, सर.”

तीन महिने संपले. सन्मती आता फक्त बरा झाला नव्हता, तो देखणा झाला होता. दंड फुगले, छाती भरली. तो आरशासमोरून हलायचा नाही. शर्ट लहान मापाचे घ्यायला लागला, स्वतःच्या फिती काढून लोकांना दाखवायला लागला. खाली लिहायचा, ‘इच्छाशक्ती.’ मी डॉ. बोरगाव्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “थांबवायला हवं, पण एकदम नको. कष्ट न करता आलेले स्नायू आहेत, निरोप थांबला की पटकन उतरतील. त्यांनी स्वतः व्यायाम सुरू करावा, मग आपण हळूहळू कमी करू.”

एका शुक्रवारी सन्मती देवळातून थेट व्यायामशाळेत आला. पायांत चपला, कपाळाला गंध. “आक्का, तुझं ते शंभर कुठलं गं?” त्यानं विचारलं. सरांना प्लेटा चढवायला लावल्या. वाकला, पाठ वाकडी, धरायची रीत चुकीची, आणि रॉड उचलून उभा राहिला. दोन-तीन पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजारातून उठलेला माणूस, त्यांचंही चुकलं नाही. त्यानं रॉड धाडकन खाली टाकला आणि तळहात झटकले.

“एवढंच व्हय? मला वाटलं लई काय असंल.”

मी त्या वेळी सत्तरवर होते. मला त्याचा राग आला. ते शंभर माझे होते. त्यातला एकेक किलो मी ओळखत होते. घरी आईनं त्याची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली.

त्याच संध्याकाळी मी माहेरी जाऊन विषय काढला. “सन्मती, रोज थोडं स्वतः कर. उठबशा, जिना, काही पण. ‘मी शिकवतो’ म्हणतात मुजावर सर. मग मला थांबता येईल.”

तो हसला. “मी कशाला करू? तू आहेस की.”

“मला माझं काही उचलायचंय.”

“तुला उचलून काय करायचंय?” आई म्हणाली. ती भाजी निवडत होती, मान वर न करता बोलली. “कुणाला दाखवणार हैस? त्याला दोन पोरं हैत, संसार हाय. तुझ्या मागं कोण हाय? तुझ्या अंगात राहून ती ताकद शेवटी जळूनच जायची की नव्हं.”

मला मूल नाही. आई हे एरवी बोलत नाही, राखून ठेवते. स्मिता उठून आत गेली. सन्मती दंड दाबून बघत होता. मी चप्पल घातली आणि घरी आले. बाहुबलीनं चहा पुढं केला.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. आम्ही जैन. या दहा दिवसांत कुणी एक वेळ जेवतं, कुणी दहाही दिवस फक्त पाण्यावर राहतं. मी जाहीर केलं की यंदा मी दहा उपवास धरणार. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. तपाला कुणी नाही म्हणू शकत नाही, एवढाच हिशेब होता. निदान दहा दिवस मला कुणी खुर्चीत बसवणार नाही, असं वाटलं होतं.

आईचा चेहरा फुलला. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असा तिनं कधी फिरवला होता मला आठवत नाही. “लई मोठं पुण्य बांधालीस बाई,” ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “मंगळवारचं मात्र चुकवू नको. तपाच्या अंगातलं रक्त. त्यातलं पुण्य पण जाऊ दे की त्याच्या अंगात.”

डॉ. बोरगाव्यांचं सगळं बोलणं मला त्या क्षणी आठवलं. मोडा आणि जाळून खा. हृदय हाही स्नायूच. मी बोलायला तोंड उघडलं. सन्मती सोफ्यावर पसरला होता. “व्हय आक्का,” तो म्हणाला, “पुण्य पण येऊ दे की, फुकटात.”

मी तोंड मिटलं. तप ही स्वच्छ गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या माणसांनी ती मनापासून केली. तिला डाग लावला तो मी, आणि तो त्या क्षणी लावला.

मंगळवारी उपाशी पोटी मी व्यायामशाळेत गेले. पट्ट्यावर आकडा उमटायला हवा होता. मुजावर सरांना कळलं तेव्हा ते रॉडसमोर आडवे उभे राहिले. “मॅडम, रोजे मीबी धरतो. पण असं दिवसेंदिवस उपाशी, आणि वर हे? आहे ते पण जाईल.”

“जाऊ दे, सर. बाजूला व्हा.”

ते बाजूला झाले, पण तोंड फिरवून उभे राहिले.

दवाखान्यात त्या दिवशी आई सोबत होती. नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला, “खाणंपिणं व्यवस्थित?” मला उत्तर द्यावंच लागलं नाही. आई माझ्या आधी म्हणाली, “सगळं नेहमीसारखं.” आमच्याकडच्या बायका डॉक्टरला उपवास सांगत नाहीत. डॉक्टर मोडायला लावतात, असा अनुभव असतो. शिवाय आईच्या लेखी उपवास म्हणजे उपाशी राहणं नव्हतंच. उपाशी भिकारी राहतो, उपवास तपस्वी करतो. दोन्ही पोटांत फरक असतो, असं ती खरंच मानत होती. माझ्या स्नायूंना मात्र तो फरक ठाऊक नव्हता.

शुक्रवारी सन्मतीचे पाय भरून आले. आई म्हणाली, “तुझं अंग उतरलंय, म्हणून त्याला कमी पडत असंल. एक दिवस जादा दे.” मी जादा दिलं. तो आणखी उतरला. आईनं पुन्हा जादा मागितलं. मी पुन्हा दिलं. मी एकदाही हात आखडता घेतला नाही, हे सगळे साक्षीला सांगतील.

गल्लीतले लोक मला बघायला येत होते. तपस्व्याच्या पाया पडतात, तशा बायका पाया पडत होत्या. सन्मतीही पडला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. स्मिता मला आत घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “आक्का, हे बरोबर चाललंय नव्हं? रात्रभर धापा टाकालेत ते.”

तिला तेव्हा खरं सांगितलं असतं तर कदाचित सगळं सावरलं असतं. ती एकटीच त्या घरात मला कधी वाईट बोलली नव्हती. मी म्हणाले, “आईला विचार.”

पर्वाच्या शेवटाला सन्मती देवळाच्या पायऱ्यांवर कोसळला.

डॉ. बोरगाव्यांनी तपासण्या पाहिल्या आणि आम्हाला आत बोलावलं. हात-पाय सावकाश थोडे भरतील, त्या म्हणाल्या, पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग गेलाय आणि हृदयाचा गेलेला स्नायू परत येत नाही. यापुढं जिना नाही, ओझं नाही. मुलीला उचलायचंही नाही. खुर्ची आणि पलंग. मग त्यांनी माझे खोल गेलेले गाल पाहिले.

“तुमचा उपवास होता?”

“उपासानं कुणाचं कधी वाईट होत न्हाई,” आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला होता.

डॉक्टर माझ्याकडंच बघत होत्या. “तुम्हाला मी सांगितलं होतं.”

“आई बोलली, नेहमीसारखं,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. डॉक्टरांनी फाइल बंद केली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर बाकावर आई माझा हात धरून बसली होती. “माझंच चुकलं काय गं?” ती विचारत होती. “मी जादा मागितलं म्हणून झालं काय?” नाही, असं एक अक्षर बोलले असते तर ती उरलेलं आयुष्य नीट झोपली असती. मी हात सोडवून घेतला आणि पाणी प्यायला गेले.

पर्व संपलं की दुसऱ्या दिवसापासून आमच्यात क्षमावाणी असते. घरोघर लोक एकमेकांपुढं हात जोडतात आणि म्हणतात, ‘माझ्याकडून कळत-नकळत काही चूक झाली असेल तर क्षमा करा.’ समोरचा ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. लहान पोरंसुद्धा पाठ म्हणतात. म्हणून-म्हणून वाक्य गुळगुळीत झालंय, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

सन्मती दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी पारणं दोन दिवस लांबवलं होतं. आमच्यात उपवास माहेरच्या माणसाच्या हातानं सोडतात, आणि सन्मतीनं हट्ट धरला की आक्काला मीच पाजणार. त्याला चाकाच्या खुर्चीतून माहेरच्या पुढच्या सोप्यात आणून बसवलं. पाहुणे जमले होते. स्मिता दारापाशी उभी होती, बाहुबली माझ्या मागं. आई मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. मला उभं राहायला भिंत धरावी लागली. माझ्याही अंगात काही उरलं नव्हतं. शंभर सोडा, रिकामा रॉड हलला नसता.

आधी त्यानं हात जोडले. “आक्का, माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलं असलं तर क्षमा कर.” एका दमात म्हणता आलं नाही त्याला, मध्ये थांबून श्वास घेतला. म्हणताना तो माझ्याकडं बघत होता. मला वाटतं, त्यातलं थोडं त्याला खरंच म्हणायचं होतं.

“उत्तम क्षमा,” मी म्हणाले. मग मी हात जोडले.

“सन्मती, माझ्याकडून कळत जी चूक झाली, तिची क्षमा कर.”

पाहुण्यांतलं कुणी काही ऐकलं नाही. सन्मती मात्र हसला, लहानपणी माझं पाढ्यात चुकलं की हसायचा तसा.

“आक्का, ‘नकळत’ राहिलं.”

“राहिलं नाही,” मी म्हणाले.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे तेवढे माझ्यावर स्थिर झाले. त्यानं माझे गाल पाहिले, मनगटावरचा पट्टा पाहिला, मग स्वतःच्या मांडीकडं पाहिलं. सगळे त्याच्या ‘उत्तम क्षमा’ची वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, “म्हण की रे, तपस्वी हाय ती.”

तो काही बोलला नाही. आईनं वाटी त्याच्या हातांत दिली. त्याला ती पेलवेना, पाणी काठावरून सांडायला लागलं, तशी मी खालून हात लावला. वाटी दोघांनी मिळून माझ्या तोंडापर्यंत आणली. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मी प्याले.